वजन मांगं

फुकट, असं लिहिलं होतं.
एकशे ऐंशी एमबी, अन् पुलगावच्या टावरची एक कांडी,
ते बी टिनावर चढलं तं.
डाऊनलोड व्हायले अर्धी रात गेली,
तवर मी जळक्या मोटरीत तार भरत बसलो.

मंग पडद्यावर रिकामा सांगाडा आला:
चाकं घे, आरी घे, हात जोड.
मी जोडले. दोन हात, सगळ्यात मोठी आरी,
हिरवा रंग, ट्रॅक्टरावानी.
पहिल्याच लढाईत तोंडावर पडला.
दुसरीत बी.
समोरचा कोन, कोन्या देशातला, मालूम नाही,
नाव असल्या अक्षरात का वाचताच येत नाही.

सकाळी गफूरभाई आले, शटर अर्धंच उचलून.
चष्मा कपाळावर, डाव्या हाताची दोन बोटं
कधीचीच पट्ट्यात गेलेली.
उभ्याउभ्या पाह्यलं. म्हने,
"वजन मांगं टाक बे. ट्रॉली नाही भरली का कधी?"

बॅटरी मांगं सरकवली. आरी लहान केली.
या टाइमले पडला नाही.
समोरच्याचं चाक उडालं
अन् गफूरभाईनं माह्याच पाठीत हानली.

"केवढ्याचा हाये?"
"फुकट."
"बनवला कोनं?"
"एकच मानूस हाये. नाव नाही टाकलं,
कोपऱ्यात नुसती मांजर काढली."

ते त्या मांजरीकडे बराच वेळ पाहत राह्यले.
"जोड साफ हाये त्याचे," म्हने,
अन् शटर पुरं उघडलं.
भायेर गाडीतून दोन मोटरी उतरत होत्या.
वास आधीच आत आला.