वास

लिस्बनमधल्या आमच्या जुन्या खोलीला
आता नंबर नाही, गोडसं नाव आहे.
दाराशी किल्लीची लोखंडी डबी, आकडे जुळवले की उघडते,
आणि रोज दुपारी तीनला
चाकांच्या बॅगा आपटत जिना चढतात.
एकोणीस वर्षं आम्ही तिथे कांदा परतला.

म्हणून बरेइरू.
नाव काढलं की लोक नाक मुरडतात.
"नदीपलीकडे?" धुलाईघरात इल्दा म्हणाली,
जसं काही मी चंद्रावर निघाले होते,
"तिथे रसायनांचे कारखाने होते ना सगळे?"
होते. म्हणून तर परवडतं, मी म्हटलं,
आणि हॉस्पिटलच्या चादरींचा पुढचा ढीग ओढला.

वीस मिनिटं बोट.
सकाळी अर्धी बोट झोपलेली असते,
उरलेल्या अर्धीत बाया काचेत बघून लिपस्टिक लावतात
आणि लाट आली की पुसून पुन्हा लावतात.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
दोन खोल्या, स्वयंपाकघराची फरशी गॅलरीकडे कललेली,
लिंबू ठेवलं तर आपण होऊन बाहेर जाईल अशी.
मालकीण दोना एर्मेलिंदा, एक्याऐंशीची,
जन्मभर तागाची पोती विणलेले हात
टेबलावर उताणे ठेवून बसलेली.
एक लाख सोळा हजार.

मी घासाघीस करायला तोंड उघडलं,
तर तीच सुरू झाली.
"ही भिंत जानेवारीत घामेजते.
खालचा माणूस रविवारी ट्रॉम्बोन वाजवतो. वाईट वाजवतो."
दलाल खोकला.
"आणि पूर्वेचा वारा सुटला की गंधकाचा वास येतो.
दोरीवरच्या मोज्यांना भोकं पडतात.
त्याचे दोन हजार मी कमी करते."

"अहो, त्या भट्ट्या विझून किती वर्षं..." दलाल म्हणाला.
"तू जन्मला नव्हतास," ती म्हणाली,
"तुला कसा येणार?"

टेबलाखाली देलिओनं माझा पाय दाबला.
बावीस वर्षांच्या संसारात
इतक्या जोरात कधीच नाही.
मी गप्प बसले. दोन हजार घेतले.

नोंदणीच्या कचेरीत बाईंनी कागद वाचून दाखवला,
ओळ न् ओळ, भिंती, खिडक्या, जिन्यातला हिस्सा.
वासाचा उल्लेख नव्हता.

जानेवारीत भिंत घामेजली.
ट्रॉम्बोन खरंच वाईट.
बाई खोटं बोलणारी नव्हती,
म्हणून मी पूर्वेच्या वाऱ्याची वाट बघत राहिले.

सुटला तो मार्चमध्ये, रात्री.
रात्रपाळी नव्हती. मी गॅलरीत गेले,
नाक पुढे करून उभी राहिले, कुत्र्यासारखी.
ओहोटीचा चिखल.
कुणाकडे तरी भाजलेली मासळी.
माझ्याच हातांचा ब्लीच.
बस.
आत येऊन मी हिशेब केला,
दोन हजार म्हणजे माझ्या किती पाळ्या.
झोप लागली नाही.

मग एक दिवस तिचा फोन आला,
सेतूबालहून, मुलीच्या घरून.
गॅसचं बिल अजून तिच्याच नावानं येत होतं.
ते झालं. मग थोडा वेळ
फोनमध्ये नुसता तिचा श्वास.
"आला का?"
"काय?"
"वारा."

दोरीवर देलिओचे मोजे वाळत होते,
सहाच्या सहा धडधाकट.

"आला," मी म्हटलं. "एक मोजा गेला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
ती नीट बसली असावी.

"कुठल्या पायाचा?"