पातं

भिकन पिंजारीने मोबाइल पुढे केला,
म्हणाला, भो, असं पाहिजे का तुमच्या पिकअपला?
फोटोत लाल गाडी, तिच्या थोबाडापुढे
नांगरासारखं, पण जमिनीत न शिरणारं पिवळं पातं
आणि दोन्ही अंगांना बर्फ, कमरेएवढा.

बर्फ मी पाहिला तो बोदवडच्या बाजारात,
लाकडाच्या भुशात लोळलेला, गोणपाटाखाली.
तरी फोटो ओळखीचा वाटला.
डिसेंबरात आमचं जिनिंगचं अंगण असंच दिसतं.

मधे दुमडलेलं पातं महाग.
ते ढीग फाडत जातं, दोन्हीकडे लोटतं.
मी म्हटलं, फाडायचा नाही रे,
गोळा करून सक्शनच्या तोंडाशी न्यायचाय.
त्या लोकांना बर्फ नको असतो, म्हणून ढकलतात.
आपण भाव देऊन घेतो आणि मग ढकलतो.
भिकन हसला.
त्याचा आजा धनुकली खांद्यावर टाकून
गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचा.
याच्या हातात वेल्डिंगचा दांडा,
पण कापसाचं बोलताना
अजून दोन बोटं आपोआप चिमटीत येतात,
तार किती लांब निघते ते पाहत असल्यासारखी.

तर सरळ पातं. तीन एमएमचा पत्रा, मागे दोन चॅनल.
मग धारेची गोष्ट निघाली.
लोखंडाची धार दहा हंगाम टिकते,
पण फरशीवर खडे असतात,
कुणाच्या तरी गाडीचा गळलेला नट असतो,
घासलं की ठिणगी.
एक पुरते.
शेजारच्या जिनिंगची मागची भिंत
चार वर्षं झाली, चुना दोनदा मारला,
काळं अजून वर येतंच.
म्हणून रबर. कन्व्हेअरचा जुना पट्टा कापून.
झिजेल, भिकन म्हणाला.
झिजू दे.

पिकअप एरंडोलच्या दूधवाल्याकडून घेतलेली,
ऊन तापलं की सीटखालून आंबट वास येतो.
पुढे एवढं वजन टांगलं तर पाटे बसतील,
मागे हौद्यात वाळूच्या चार गोण्या टाका,
वजनाला वजन, भिकन म्हणाला.
हेही ठरलं.

राहिली उंची.
शेठनी फोनवर सांगितलं होतं, चार फूट,
एका फेरीत जास्त माल, डिझेल कमी.
हिशोब बरोबर होता.
दुकानातल्या पोऱ्याने, शोएबने,
चार फुटी पत्रा गाडीपुढे उभा धरला.
मी स्टेअरिंगवर बसलो.
भिकन, म्हटलं, आठ पावलं पुढे जा
आणि आडवा हो.
काब्रं?
हो तर खरा.
तो लोखंडाच्या कीसात, ऑइलच्या डागांत आडवा झाला.
काचेतून दिसलं
पलीकडचं कडुनिंब, चहाची टपरी,
टपरीवर बशीत चहा ओतणारा म्हातारा.
भिकन नव्हता.

रात्रपाळीला धडगावकडच्या बाया असतात.
दोन वाजता मशीन थांबलं की
ढिगाच्या कडेला अंग टाकतात.
कापूस ऊब धरतो.
गोधडीसारखा ओढून घेतात.
भुरीबाई तर पोराला पुरता बुडवते,
नाक तेवढं बाहेर.
बर्फाखाली कुणी झोपतं का, मला माहीत नाही.

अडीच फूट, मी म्हटलं.
अन् शेठ?
सांग, पत्रा कमी पडला.

शोएबने पत्रा खाली घेतला.
भिकन पुन्हा जाऊन पडला, कण्हत, हसत.
दिसतो का?
दिसतोस.
आता? त्याने पाय पोटाशी घेतले, लहान झाला.
शर्टाची बाही दिसली, निळी.
थोडं थांबून म्हटलं, दिसतोस.

उठून कपडे झटकत म्हणाला,
तरी हॉर्न मारायचाच, भो.
हॉर्नची वायर दूधवाल्याच्या काळापासून तुटलेली.
तीही जोडून दे, म्हटलं.
बिल आलं तेव्हा पाहिलं,
पत्रा, चॅनल, पट्टा, बोल्ट, मजुरी.
वायरची ओळ नव्हती.