ओल्सडोर्फची बस

लेकीने मोबाइलवर यादी दिली होती :
बंदर, लाल विटांची गोदामं, नदीखालचा बोगदा,
कुठल्या धक्क्यावर कुठला मासा पावात घालून मिळतो, तेही.
शकूताई म्हणाली, बघू की सगळं, पाय मोडेस्तोवर बघू.
आधी एक काम आहे. तुझ्या खात्यातलं.

मी भूमी अभिलेखात चौतीस वर्षं काढली.
दोन भावांच्या मधल्या बांधावर साखळी धरून उभा राहिलो
आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.
हॅम्बर्गात माझं काय काम निघणार?
तिने पिशवीत टेप टाकली, केळी टाकली,
आणि शेजारच्या फ्राउ पेटर्सनला जिन्यातच सांगितलं
की हा माझा भाऊ, सरकारी मोजणीदार.
फ्राउ पेटर्सन आदराने पाहू लागली.
निवृत्त, असं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता.

वाटेत तिने दवाखाना दाखवला, पहिल्या रात्रपाळ्यांचा.
मग एक बेकरी, जिथे सहा महिने
ती नुसतं बोट दाखवून पाव घ्यायची.
मग बस एका फाटकातून आत शिरली आणि शिरतच राहिली.
आलं का? म्हटलं. ती म्हणाली, मघाशीच.
दफनभूमी एवढी, की आत बस फिरते,
थांब्या-थांब्यावर म्हाताऱ्या झारी घेऊन उतरतात.
दुतर्फा जांभळ्या फुलांच्या भिंती.
कुणी रडत नव्हतं. एक मुलगा सायकल शिकत होता.

युर्गनभाऊजींचा दगड काळा, गुळगुळीत.
वर नाव, दोन सालं. खाली
एका नावापुरती जागा कोरी.
ताईने आधी पानं वेचली, मग पाणी घातलं,
मग जर्मनमध्ये त्यांच्यावर काहीतरी कुरकुरली
(अशी ती पूर्वी फक्त बाबांवर कुरकुरायची)
आणि मला कागद दिला.
भाषा कळेना. पण आकडे आमच्यातलेच :
गट, रांग, क्रमांक, लांबी, रुंदी.
पंचवीस वर्षांचा करार, ती म्हणाली. सात उरली.
पुढे पैसे भरा, नाहीतर दगड उचलतात.
मेल्यावरही भाडं?
अरे, जिवंतपणी तरी कुठे फुकट होतं.

मग मी टेप धरली. दुसरं टोक तिने.
पंचाहत्तरीची बाई ओल्या गवतात ओणवी,
नखाने शून्य दाबून धरलेलं.
दोन-चाळीस. एक-वीस. बरोबर आहे, म्हटलं.
बरोबर असणारच, ती म्हणाली, इथले लोक काय चुकतात?
पण तुझ्या हातून मोजून घ्यायची होती.

तेव्हा मला तो दुसरा कागद आठवला. अठ्ठ्याऐंशी साल.
बाबा गेल्यावर दोनच महिन्यांनी मी पाठवलेला,
सही हवी तिथे पेन्सिलीने फुली करून.
हक्कसोड. सोबत मेतकुटाची पुडी.
एकवीस दिवसांत परत आला, सहीसकट,
फुली नीट खोडून काढलेली.
आणि विहिरीकडच्या नऊ गुंठ्यांवरचं तिचं नाव
तलाठ्याने माझ्यासमोर कंसात टाकलं.
पेन माझं होतं. त्याचं उठत नव्हतं.

संध्याकाळी यादी सुरू केली. पहिला बोगदा.
भल्यामोठ्या लिफ्टने खाली. पांढऱ्या फरश्या,
भिंतीवर भाजल्या मातीचे मासे, खेकडे,
एका जुन्या बुटाशी उंदीरसुद्धा,
कुणीतरी वेळ काढून घडवलेले.
सायकली घंटा वाजवत जात होत्या.
डोक्यावर नदी, नदीवर जहाजं.
ताईच्या बुटांना अजून गवत चिकटलेलं.
साधारण मधोमध आल्यावर मी विचारलं,
ताई, ते विहिरीकडचं, तुला हवं होतं का?

हळू बोल, ती म्हणाली. इथे घुमतं.