अक्षराला बारा रुपये

दर मी आधीच सांगितला होता:
अक्षराला बारा रुपये,
जोडाक्षराला पंधरा, काना-मात्रा त्यातच.
ग्रामसेवकाने वहीत लिहून घेतलं.

जुनी फरशी हापशापाशी सापडली.
शहाबादी, एक कोपरा उडालेला.
भूकंपात चावडीची भिंत पडली तेव्हापासून
बायका तिच्यावर वाकळा आपटत होत्या.
पालथी पडली म्हणून अक्षरं वाचली,
आणि वाचली म्हणून आम्ही ती वाचली:
'मौजे काळेगव्हाण येथून एकोणीस असामी
थोरल्या लढाईस गेले.
पैकी चौघे कामास आले.'

चौघे. नावं नाहीत.
कुणाच्या कामास, तेही नाही.
पण कोरणाऱ्याचा हात चांगला,
'ळ'ची गाठ तर बघत राहावी.
त्याचंही नाव नाही,
म्हणजे आमच्यातलाच कुणी असणार.

नावं हुडकत घरोघर फिरलो.
भीमनगरात हौसाबाई रणदिवे म्हणाली,
सासूचा थोरला दीर, गेनू, गेलता बसऱ्याला.
त्यो नाही आला. पदक आलं,
रुप्याचं, राजाचं तोंड असल्यालं.
आजेसासूनं ते मोडून धाकट्या सुनेला जोडवी केली.
डब्यातून काढून दाखवली तिनं, पार झिजलेली.
राजा कुठंच नव्हता.

मग सांगितलं:
फरशी लावली तवा आजेसासूला
चावडीची पायरी चढायची मुभा नव्हती.
रस्त्यावरनंच इचारलं तिनं, काय लिवलंय?
आतून कुणी तरी वराडलं, चार.
ती म्हणली,
'माझा तर एकच हुता.'

बाकीचे तिघे
कुणाच्या डब्यातही निघाले नाहीत.

सोलापूरहून नकाशा आला.
फायबरची उलटी बंदूक, वर टोपी,
तिरंगी टाइल्स, रात्रीचा फोकस.
'सौजन्य' चार इंची, नावं एक इंची.
निधी अर्धाच आला, म्हणून माझं ऐकलं:
एकच काळी शिळा, एसटी थांब्यासमोर,
पुरुषभर उंच, घडवलेली फक्त तोंडाकडून.
पाठ खाणीतून आली तशीच.

वर चौघांसाठी चार ओळी आखल्या.
पहिलीत गेनू. तीन कोऱ्या.
मग पासष्टचा इस्माईल बाबालाल तांबोळी.
एकाहत्तरचा कोंडिबा खरात.
मग परवाचाच दिगंबर गुंड,
शाळेत असताना माझ्या दोन छिन्न्या पळवलेला.
त्याच्या 'दि'ला सबंध सकाळ गेली.

खाली दीड हात जागा उरली.
सरपंच म्हणाले, असू द्या की,
पुढंमागं लागेल.
बोलून गेले, आणि मग
किती तरी वेळ मोबाईलच बघत बसले.

कोऱ्या ओळी वर, कोरी जागा खाली.
दगडाला दोन्ही सारख्याच.
समोरच्या सडकेवर पहाटे पळून आलेली पोरं
शिळेला पाठ टेकून बूट काढत होती.
भरती अकरा तारखेला होती.
त्यांच्या घामाचे ओले ठसे
नेमके त्या दीड हातात उमटले,
उन्हानं वाळेपर्यंत मी छिन्नी उचलली नाही.

कलावती गुंड आली एका दुपारी.
वाचता येत नाही, तरी बोट फिरवत गेली,
दिगंबरपाशी थांबली, तिथून खाली घसरली.
'ही मोकळी कशापायी ठेवलालास?'
मी म्हणालो, दगडच मोठा निघाला.
ती म्हणाली,
'मग बुजव की रे.'

थंडीभर बुजवत होतो.
मालदांडीचं एकच कणीस,
देठापासून शेंड्यापर्यंत, दाण्याला दाणा लावून.
दाण्याचा दर ठरला नव्हता.
एक अक्षर बसेल
एवढीसुद्धा फट ठेवली नाही.

उद्घाटनाला पाहुणे म्हणाले,
कणीस झकास, बळीराजाचं प्रतीक.
टाळ्या झाल्या.

ग्रामसेवकाने अक्षरं मोजून बिल केलं.
तीन कोऱ्या ओळींपुढं शून्य लिहिलं,
थोडा थांबला,
ते खोडलं, आणि नुसती रेघ मारली.