दुरुस्ती

'निवटी' हे नाव यतीनने सुचवलं.
खाडीच्या गाळात राहते, पाण्याबाहेरही श्वास घेते,
धरायला गेलं की सटकते.
शर्मिन म्हणाली, कालवणही वाईट होत नाही.
ठराव मंजूर.

चार पानं, दोन महिन्यांतून एकदा,
दोनशे प्रती, झेरॉक्स देवगडला.
लॉइडच्या पप्पांचा जुना कॉम्प्युटर,
त्याचं 'ळ'चं बटण दाबलं की अडकतं.
पहिल्या अंकात एका होडीची
'जाळळळळी' फाटली,
ती अख्ख्या वाडीने मोठ्याने वाचून दाखवली.

तो अंक बंद पडलेल्या वस्तीच्या एसटीवर होता.
दुसरा जेटीवरच्या दिव्यांवर.
दिवे लागले. त्यातला एक अजून लागतो.

तिसऱ्याच्या बैठकीत शर्मिनने विचारलं,
सुंगटं सोलायला बायका पहाटे साडेतीनला बसतात
ते ऊन डोक्यावर येईस्तोवर.
मधे जातात कुठे?
लॉइडने पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

वही घेऊन आम्ही दोघी गेलो.
बर्फाच्या खोक्यांआड बसलेल्या,
बोटांची टोकं पांढरी, चुरगळलेली,
हात न थांबवता बोलायच्या.
"रात्री आठ वाजल्यार पाणी पिवचा नाय. झाला."
"भरती आसली काय खडपातय जागा नाय गावणा."
"माजा नाव नको घालू गो, मुतखड्याचा घाल,
तो आता माज्यापेक्षा मोठो झालो."
आणि मग सगळ्या इतक्या हसल्या
की लिलाववाल्याने वळून पाहिलं.

खवणेकर सर आमचं शुद्धलेखन फुकट तपासतात.
त्यांनी 'मुतारी'खाली लाल रेघ मारली,
वर लिहिलं 'प्रसाधनगृह'.
सर, शर्मिन म्हणाली, प्रसाधन म्हणजे पावडर ना?
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग रेघ खोडली
आणि म्हणाले, 'री' दीर्घ, तेवढं बघा.

छापलं:
जेटीवर मुताऱ्या तीन. बायकांसाठी एकही नाही.
बायका एकेचाळीस.

सोसायटीच्या चेअरमननी यतीनच्या बाबांची
डिझेलची उधारी आठवडाभर बंद केली.
मग गणपतीच्या आधी
पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, निळा रंग, आत नळ,
आणि दाराला कुलूप.
किल्ली चेअरमनच्या खिशात.
चेअरमन जेटीवर येतात नऊ वाजता.
चौथ्या अंकाचा मथळा आयताच मिळाला.

पण मला सांगायचंय ते
तिसरा अंक निघाला त्या रात्रीचं.
आई दिव्याखाली बसून वाचत होती,
ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत.
मी समोर घुटमळत होते,
शाबासकीसाठी, खोटं कशाला बोलू.

"एकेचाळीस खंयसून इले?"
मोजले, म्हटलं.
"त्रेचाळीस आसंव आमी."
बोट अजून त्याच आकड्यावर.
"मुकी रजनी म्हाकलांच्या ढिगामागे बसता.
तिका कोण इचारतला?"
आणि दुसरी?

तिने अंकाची घडी घातली,
तांदळाच्या डब्याखाली सारली.
"मी खंय जातंय सकाळची,
ता तुका म्हायत नाय?"

पहाटे ती नसायची
आणि मी उठले की चहा झाकलेला असायचा.
एवढंच माहीत होतं मला.
एकोणीस वर्षं.
वहीत नाव, वय, किती वर्षं सोलता, किलोमागे किती मिळतात
असे रकाने मीच आखले होते, पट्टीने.

चौथा अंक, पान चार, उजवा कोपरा, चौकटीत:
गेल्या अंकात 'बायका एकेचाळीस' असे छापले गेले.
कृपया 'त्रेचाळीस' वाचावे.
चूक संपादकांची.

टाईप करताना 'ळ' पुन्हा अडकला,
झेरॉक्स होऊन आल्यावर दिसलं.
जास्तीचे ळ मी पेनाने खोडले,
दोनशे प्रतींवर, एकेक.
शेजारी आई उद्याची टोपली धूत होती.
मधेच उठली, तांब्या घेतला,
घड्याळाकडे पाहिलं,
आणि परत ठेवला.