दोनदा झाडलेली धूळ

गावाच्या पाटीवर लिहिलंय:
वस्ती एकशे बारा. उंची अठराशे चाळीस फूट.
बाबांनी चष्मा सावरून दोन्ही आकडे वाचले
आणि विचारलं, सोनं किती निघालं ते का नाही लिहिलं?

सॅक्रामेंटोपासून दीड तास.
जूनमधल्या टेकड्या वाळल्या गवताने पिवळ्याधमक.
"पितळ," बाबा म्हणाले, खिडकीतूनच.

ड्राय फोर्कला एकच रस्ता.
त्यावर एक दारूचा गुत्ता, जिथे आता आइस्क्रीम मिळतं,
एक बँक, जिची तिजोरी उघडीच असते
मुलांनी आत बसून फोटो काढावेत म्हणून,
आणि काचेआड एक तराजू.
तिथे मात्र बाबा थांबले.
डावं पारडं केसभर खाली.
"हा खोटं तोलत होता," ते मराठीत काचेला म्हणाले.
मग जरा वेळाने,
"किंवा पुसताना कुणी कडी वाकवली असेल."
चाळीस वर्षं सराफकट्ट्यावर बसलेला माणूस.
माफ करतो, पण आधी संशय घेतो.

खाणीत नेलं वेंडेल ट्रेगिअरने.
त्याचे खापरपणजोबा कॉर्नवॉलहून आले
आणि छातीत इथलीच धूळ साठवून गेले.
त्याने दिवा मालवून दाखवला.
अंधार असा, की डोळे मिटलेत की उघडे
ते बोटाने चाचपून बघावं.
कुठेतरी पाणी ठिबकत होतं.
"इतकं खोल?" बाबांचा आवाज आला,
"आमच्याकडे तर बिस्किटं यायची, शिक्का मारलेली."

बाहेर लाकडी पन्हळ.
पंधरा डॉलरला एक थाळी आणि मूठभर वाळू.
पोरं भेळ कालवावी तशी वाळू कालवत होती.
बाबा उकिडवे बसले,
चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांना न विचारता.
थाळी कलती धरली,
पाण्याला काठावरून नुसतं जाऊ दिलं,
मनगट असं फिरलं
की झोपलेल्याला न उठवता पांघरूण काढून घ्यावं.
तळाशी काळी रेती,
तिच्या शेपटाला चार कण.
तुमचे वडील खाणीत होते का? वेंडेलने विचारलं.
"झारेकऱ्यांचं बघून बघून," बाबा म्हणाले,
आणि मला त्या शब्दाचं इंग्रजी करता येईना.
दुकानापुढची धूळ, कानशीचा कीस, भट्टीची राख,
गटारातला गाळसुद्धा
ठेक्याने विकत नेणारी माणसं.
मी म्हटलं, दुकानात होते.

"पन्हळीच्या तळाशी उरतं, त्याचं काय?"
सोमवारी चाळतो, वेंडेल म्हणाला,
आणि मंगळवारी परत वाळूत मिसळतो.
बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

ओढ्याकाठी सूचना: इथले मासे खाऊ नका.
सोन्यामागे ओतलेला पारा
दीडशे वर्षांनीही गाळात आहे.
बाबांनी बोटं उगीचच पँटला पुसली.

उतरणीची वळणं संपली, तेव्हा बोलले.
मी काही विचारलं नव्हतं.
"तुझ्या ॲडमिशनच्या साली हात तंग होता.
तानूबाई झारेकरणीने धुळीचे पैसे आगाऊ दिलेले.
आदल्या रात्री मी दुकान दोनदा झाडलं.
ओलं फडकंही फिरवलं, कोपऱ्याकोपऱ्यातून.
तिने आठ दिवस गाळ धुतला."

मग?

"मग काय. पुढच्या साली आली.
तोच भाव दिला.
नुसतं म्हणाली, शेठ,
गेल्या साली दुकान लई सोच्छ व्हतं."

किती निघालं होतं फडक्यातून?

"गुंजभर. गुंजभरही नाही."

काचेची इवली नळी कपाच्या खाचेत
प्रत्येक खड्ड्याला किणकिणत होती.
समोर डॅशबोर्डवर दिवसभराची तांबूस धूळ.
बाबांनी तिच्यावरून एक बोट फिरवलं,
उजेडाकडे धरून पाहिलं,
आणि ते बोट तसंच उभं धरून बसले
घर येईपर्यंत.