नेफा

कोडम फिटर सायकलवरून उतरला आणि म्हणाला,
अक्का, होडीला टोपी शिवायची आहे की.
मी गणवेशांच्या ढिगाआडून पाहिलं.
जून तोंडावर, चारशे खाकी चड्ड्या बाकी,
आणि सोलापुरात होडी?

तर होडी आहे. हिप्परग्याच्या तळ्यावर.
गिरणी बंद झाल्यावर प्लायवुड कापत कापत
त्यानं सात वर्षांत बांधली, शीड लावलं,
पहिल्या दिवशी म्हशी पोहायच्या थांबल्या म्हणे.
तिच्या पाठीवर एक चौकोनी तोंड, आत उतरायचं,
तोंडावर पारदर्शक झाकण.
ते तडकलं, पाण्यानं नाही, उन्हानं.
समुद्रावरची माणसं पाण्याला भितात अक्का,
आपण चव्वेचाळीस डिग्रीला.

कॅलेंडरची पानं चिकटवून त्यानं माप आणलेलं,
एकादश्या नि गॅसच्या तारखांसकट.
वीस इंच लांब, वीस रुंद, तीन इंच खाली उतरता काठ,
कोपरे जेवणाच्या ताटासारखे गोल.
मी मनात परकर धरला.
परकरच की तो, उलटा:
घेर, शिवण, कडेला नेफा, नेफ्यात नाडी,
ओढली की कमरेला घट्ट.
त्याला हे सांगितलं नाही.

चाटी गल्लीतून जाड कॅनव्हास,
अठरा नंबरची सुई,
दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा
दोन उन्हाळ्यांत भुसा होतो.
एका दुपारी टोपी तयार.

दहा दिवसांनी तो परत आला, टोपी हातात.
वळीव पडून गेला होता.
अंगठाभर आटली होती, झाकणावर चढेना.

कापड आधी भिजवलं नव्हतं.
मी. विणकराची मुलगी.
नायना असते तर काही बोलले नसते,
टोक दोन बोटांत चोळून
खाली ठेवलं असतं फक्त.

म्हटलं, या वेळी माप मी घेणार.

टेप गळ्यात, चपला काठावर.
होडी हलली, मी कोडमचा खांदा धरला,
मग त्या चौकोनात उतरले.
कमरेवर ऊन, कमरेखाली गार अंधार, रंगाचा वास.
पाय खाली काहीतरी चाचपू लागले.
काय शोधतायत ते कळायला वेळ लागला.
पावड्या.

साखर पेठेत, आमच्या घरात,
जमिनीत असाच चौकोन होता.
नायना त्यात पाय सोडून बसत,
वर माणूस, खाली माग,
मधे कुठे सांधा दिसायचा नाही.
माग विकला. खड्डा कोण विकत घेणार?
चार माणसांनी शहाबादी फरशी टाकली वर,
फरशीवर मी मशीन ठेवलं,
पंचवीस वर्षं तिथंच बसून पाय मारते आहे.

झालं का माप, कोडमनं विचारलं.
थांब की, म्हटलं.
पाणी लाकडाला खालून टिचक्या देत होतं.

दुसरं कापड रात्रभर बादलीत ठेवलं,
वाळवलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळवलं.
इंचभर सैल कापलं.
आतून अस्तर चादरीच्या निळ्या तुकड्यांचं,
मोराची अर्धी मान एका कोपऱ्यात आली, येऊ दिली.
नेफा सगळीकडून शिवला, एका बाजूला
चार बोटं मोकळा सोडून.

हे राहिलं का, अक्का?
राहिलं नाही, ठेवलंय.
खाली हवा कोंडली तर लाकूड कुजेल.
त्यानं मान डोलावली, फिटर माणूस.
पैसे मी घेतले. एकाच टोपीचे.

परवा सुई पडली म्हणून मशीन सरकवलं.
फरशीच्या कोपऱ्याशी बोटभर फट आहे.
मुंग्या जातात, येतात.
मागच्या दिवाळीत ती बुजवायला
घमेलंभर सिमेंट आणून ठेवलेलं,
ते शेजारच्या यल्लव्वाला देऊन टाकलं.
तिच्या मोरीला हवंच होतं.